नकार जेवढ्यास तेवढा

१ ऑगस्टला महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत टिळकांच्या शेंगांची गोष्ट सांगितली जाते. पाचवीतला एखादा मुलगा पगडी-उपरणं घालून स्टेजवर येतो, शेंगा मी खाल्ल्या नाहीत तर टरफलं मी उचलणार नाही असं ठणकावतो आणि टाळ्या घेतो. पहिल्या रांगेत बसलेले संस्थेचे पदाधिकारी मान डोलावतात. त्याच शाळेत २ ऑगस्टला आठवीतला कुणी म्हणाला, "सर, हे कागदाचे बोळे मी टाकले नाहीत, मी उचलणार नाही," तर त्याच्या डायरीत लाल शाईनं शेरा पडतो : उलट उत्तरे देतो, पालकांनी भेटावे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे ही विसंगती मला दरवर्षी दिसते. ती मिटेल तेव्हा मिटेल. तोवर तुम्हाला, म्हणजे सातवी ते दहावीच्या मुलामुलींना, शाळेत राहून वेगळं वागायचं असेल तर ते कसं जमवायचं, यासाठी हा लेख. आधी त्या गोष्टीकडेच नीट पाहा. गोष्टीतला बाळ शाळा सोडून जात नाही, मास्तरांना शिव्या देत नाही, इतर मुलांची नावंही सांगत नाही. तो फक्त टरफलं उचलायला नाही म्हणतो. नकार जेवढ्यास तेवढा. शाळेत वेगळं वागून टिकलेली जी मुलं मी पाहिली, त्या सगळ्यांचं तंत्र हेच होतं.

पण त्याही आधी एक तपासणी करा. जे वेगळेपण दाखवायचंय, ते खरोखर तुमचं आहे का? सध्या नववीच्या कुठल्याही वर्गात मागच्या बाकावरून नजर टाका. कानाच्या वर साफ, माथ्यावर झुपका, एका बाजूला वस्तऱ्यानं मारलेली रेघ. पाच-सहा मुलं अशी दिसतील. सगळ्यांनी एकाच सलूनमध्ये एकाच क्रिकेटपटूचा फोटो दाखवलेला असतो आणि सगळ्यांना वाटत असतं की आपण शाळेच्या चौकटीबाहेर आहोत. खरं तर त्यांनी एक गणवेश उतरवून दुसरा चढवलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी, वर्गातलं कुणीही बघायला नसताना, तुम्ही ते केस तसेच ठेवाल का? ठेवणार असाल तर ते तुमचे. नसाल तर त्यासाठी पर्यवेक्षकांशी भांडण ओढवून घेऊ नका, एवढंच मी म्हणेन.

आता नियम. शाळेचे सगळे नियम एका माळेचे मणी नसतात. काहींच्या मागं सुरक्षेचं कारण असतं. प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्याजवळ मोकळे केस नकोत, कबड्डीच्या मैदानावर वाढलेली नखं आणि अंगठ्या चालत नाहीत. तिथं वाद घालू नका, तुमच्याच कातडीचा प्रश्न आहे. काही नियम बरोबरीसाठी असतात. गणवेशामुळे कुणाच्या घरी किती पैसा आहे हे कपड्यांवरून कळत नाही. ज्याच्याकडे दोनच शर्ट आहेत त्याला विचारा, गणवेशाची किंमत तो सांगेल. आणि काही नियम केवळ सवयीनं चालत आलेले असतात. मुलींनी दोनच वेण्या घालायच्या, त्याही वर बांधून, लाल रिबिनीनं. का? एक वेणी प्रयोगशाळेत जास्त पेटते का? नागपंचमीला हातावर काढलेली मेंदी आठवडाभर राहते, तोवर त्या हातांनी गणित सुटत नाही का? या तिसऱ्या ढिगातल्या नियमांवर बोलायला भरपूर जागा असते, कारण त्यांची बाजू लढवायला खुद्द शिक्षकांकडेही फारसं काही नसतं.

मुलं इथंच फसतात. नियम सवयीचा आहे हे लक्षात आलं की ती तो गुपचूप मोडतात, पकडली जातात, आणि मग चर्चा नियमाची होत नाही, उद्धटपणाची होते. मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तुमच्या एका वेणीची भीती नसते. त्यांना भीती असते ती उद्या चाळीस जणी चाळीस गोष्टी मागतील याची, आणि एखादा पालक "आमच्या मुलीला का नाही" म्हणत कार्यालयात येईल याची. ही भीती खोटी नाही. म्हणून मागणी अशी करायची की त्यांना हो म्हणणं सोपं जावं.

त्यासाठी शाळेत एक जुनं, सगळ्यांना कळणारं हत्यार आहे : अर्ज. पत्रलेखनाचा हा प्रकार तुम्ही फक्त गुणांसाठी शिकता, प्रत्यक्षात कुणी वापरत नाही. समजा मुलींना खो-खोच्या सरावाला सलवार-कमीज आणि ओढणीची अडचण होते. अर्ज साधारण असा हवा :

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : खो-खोच्या सरावावेळी मुलींना ट्रॅक पँट घालण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, आम्ही नववी 'ब'च्या मुली मंगळवारी व शुक्रवारी शेवटच्या तासाला खो-खोचा सराव करतो. पाटीवर बसताना ओढणी पायाखाली येते व उठताना पडायला होते. तरी या दोन दिवशी गडद निळ्या रंगाची ट्रॅक पँट व शाळेचा खेळाचा टी-शर्ट घालण्याची परवानगी मिळावी. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत प्रयोग म्हणून पाहावे व नंतर निर्णय घ्यावा. ज्या मुलींना सध्याचाच पोशाख हवा असेल त्यांच्यावर सक्ती नसावी. सोबत पालकांच्या सह्या जोडल्या आहेत. कळावे."

यात अन्याय नाही, स्वातंत्र्य नाही, 'आजच्या युगात' तर अजिबात नाही. अडचण दिसते, वार दिसतात, रंग ठरलेला आहे, मुदत आहे. मुदत फार महत्त्वाची. कायमची परवानगी द्यायला कुणीही कचरतो, दिवाळीपर्यंतची द्यायला तेवढा कचरत नाही. हा अर्ज आधी वर्गशिक्षकांना दाखवा, मग पर्यवेक्षकांना, मग वर. वर्गशिक्षकांना डावलून थेट मुख्याध्यापकांकडे गेलात तर जो माणूस तुमच्या बाजूनं बोलला असता तोच दुखावला जातो. कार्यालयात अर्ज देताना दोन प्रती न्या, एका प्रतीवर पोच घ्या. आणि वेळ साधा. जून-जुलैत मागितलेली गोष्ट विचारात घेतली जाते. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात मागितलेली गोष्ट कटकट वाटते.

मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : असं आधी कुठं झालंय का? म्हणून उदाहरण हाताशी ठेवा. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं मुलगा-मुलगी असा भेद न ठेवता सगळ्यांना गुडघ्यापर्यंतची पँट आणि शर्ट असा एकच गणवेश दिला. २०२१ मध्ये ती बातमी देशभर गेली. आपल्याकडचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली. २०२४-२५ मध्ये गणवेश वेळेवर मिळेनात, मिळाले ते मापाचे नव्हते, ओरड झाली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. म्हणजे गणवेशाचा नियम आभाळातून पडत नाही. तो एका बैठकीत ठरतो आणि दुसऱ्या बैठकीत बदलतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमच्या गल्लीतला कुणी त्यात आहे का, हे घरी विचारा. विनाअनुदानित शाळेत असाल तर पालक-शिक्षक संघाकडे जा.

नकार किती मोजून द्यावा याचं देशातलं सर्वांत चांगलं उदाहरण मात्र एका शाळेतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८५ साली केरळातल्या एका शाळेत तीन भावंडं होती, दहावी, नववी आणि पाचवीत. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथातली. परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की ती उठून उभी राहत, शेवटपर्यंत शांत उभी असत, पण गात नसत, कारण देवाखेरीज कशाचंही स्तवन त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. बराच काळ कुणाला त्यात काही खटकलं नाही. मग एका आमदाराच्या नजरेला ते पडलं, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी बसली. मुलं शिस्तीची आहेत असंच चौकशीत निघालं, तरीही वरच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी तिघांना शाळेतून काढलं. 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या नावानं तो खटला ओळखला जातो. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला : आदरानं उभं राहणाऱ्या मुलानं गायलं नाही तर तो राष्ट्रगीताचा अपमान होत नाही, मुलांना शाळेत परत घ्या.

या निकालाचा अर्थ 'परिपाठाला काहीही करा' असा काढू नका. ही मुलं बसून राहिली असती, आपसात कुजबुजली असती, तर खटला कुठल्या दिशेला गेला असता कोण जाणे. नियमातला जेवढा भाग पाळता येत होता तेवढा त्यांनी पुरेपूर पाळला. जो भाग मनाला पटत नव्हता तेवढाच वगळला. तुम्हालाही एखादी प्रार्थना म्हणवत नसेल, सूर्यनमस्कारातला मंत्र म्हणावासा वाटत नसेल, तर उभं राहा, हात जोडणं पटत नसेल तर नुसतं शांत उभं राहा, बाजूच्याला त्रास देऊ नका. कुणी विचारलं तर एका वाक्यात कारण सांगा. विचारलं नाही तर सांगायला जाऊ नका.

कपडे-केस यांच्याबद्दल एवढं पुरे. माझ्या मते वेगळं असण्याची सर्वांत मोठी जागा तुम्ही रोज रिकामी सोडता. ती म्हणजे उत्तरपत्रिका. आपल्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. स्वमत! मंडळ तुम्हाला गुण देऊन तुमचं मत विचारतं, आणि तुम्ही ते गाईडमधून पाठ करून येता. पेपर तपासताना एकाच गठ्ठ्यात एकच 'माझे मत' पंचवीस वेळा वाचायला मिळतं, अगदी स्वल्पविरामासकट. पुढच्या वेळी गाईड न उघडता दोनच वाक्यं स्वतःची लिहून बघा. तपासणाऱ्याची मान वर होते, हे मी खात्रीनं सांगते.

निबंधाचंही तेच. 'नदीचे आत्मकथन' म्हटलं की सगळ्यांची नदी डोंगरातून उगम पावते, खळखळ वाहते, शेतं फुलवते आणि शेवटच्या परिच्छेदात प्रदूषणाबद्दल दोन अश्रू ढाळते. आमच्याकडे एका मुलीनं लिहिलं होतं की मी नदी आहे, पण मला मार्चनंतर कुणी नदी म्हणत नाही, कारण माझ्या पात्रातून रस्ता जातो. रात्री दिवे बंद केलेले ट्रॅक्टर येतात, वाळू भरतात. सकाळी मुलं माझ्यात क्रिकेट खेळतात आणि खड्ड्यात बॉल गेला की शिव्या देतात. पोळ्याला बैल धुवायला मी लागते तेव्हा टँकर बोलावतात. शुद्धलेखनाच्या सात-आठ चुका होत्या. बाकीच्या गठ्ठ्यातलं मला काही आठवत नाही, ते ट्रॅक्टर आठवतात.

आणि निबंधाची ताकद केवढी असते हे महाराष्ट्राइतकं कुणाला ठाऊक असायला नको. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, साधारण चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तिनं त्यात थेट हिशेब मांडला : वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमच्यापाशी धर्माचं पुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता? आमच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसतं, हेही तिनं लिहिलं. शाळेत जाऊन उणीपुरी तीन वर्षं झालेली मुलगी. तिच्याकडे वेगळे केस नव्हते, वेगळे बूट नव्हते. घरात आणि वस्तीत बघितलेलं तिनं शाळेच्या वहीत आणलं. तुमच्या वस्तीतलं किती तुमच्या वहीत येतं?

बोलीचा मुद्दा याला लागूनच. खानदेशातून, वऱ्हाडातून, मालवणातून शहरातल्या शाळेत आलेली मुलं पहिल्या महिन्यातच गप्प होतात, कारण तोंड उघडलं की वर्ग हसतो. गप्प होऊ नका. लेखी पेपर प्रमाण भाषेत लिहा, तिथं तडजोड नाही, ती शिकायलाच हवी. पण परिपाठात गोष्ट सांगायची असेल, स्नेहसंमेलनात एकपात्री करायचं असेल, तर बाईंना आधी सांगून ते आपल्या बोलीत करा. कुणी हसलंच तर बहिणाबाई चौधरींचं नाव घ्या. लेवा गणबोलीतल्या त्यांच्या कविता पाठ करून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी गुण मिळवलेत. तीच बोली जिवंत मुलाच्या तोंडून आली की हसू येतं, हे वर्गाला एकदा विचारायला हरकत नाही.

आता शिक्षकांपेक्षा जास्त कडक असलेल्या मंडळींकडे वळू : तुमचे वर्गमित्र. शिक्षकांचा नियम निदान फळ्यावर लिहिलेला असतो, यांचा कुठंच लिहिलेला नसतो. कथ्थक शिकणारा मुलगा, डब्यात सुकट आणणारी मुलगी, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसणारा, ग्रुपवर मीम न टाकणारा, सगळ्यांना टोपणनाव मिळतं. इथं अर्ज चालत नाही. इथं एक सोबती लागतो. दहा नको, एक पुरे. सुकटीचा डबा दोघींनी मिळून खाल्ला की तिसरी 'मला पण दे' म्हणतेच. आणि थट्टेच्या जागी तासन्‌तास खुलासे करत बसू नका, खुलासा जितका लांब तितकी पुढच्याला मजा. मात्र थट्टा तुमच्या जातीवर, रंगावर, चालण्या-बोलण्याच्या ढबीवर किंवा शरीरावर आली, रोजची झाली, तर ती थट्टा राहिली नाही. तिथं हिंमत दाखवायची जबाबदारी तुमची नाही, मोठ्यांची आहे. विश्वासातल्या एका शिक्षकाला सांगा, शाळेतल्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाका, आणि शाळेत कुणीच ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे.

शिक्षेबद्दलही माहिती असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना मारणं आणि मानसिक छळ करणं या दोन्हींना मनाई आहे. डायरीत शेरा लिहिणं, पालकांना बोलावणं शाळेच्या अधिकारात येतं. वर्गासमोर कात्रीनं केस कापणं येत नाही, नियम तुम्ही मोडलेला असला तरी. असं झालं तर त्याच दिवशी घरी सांगा. रीलवर टाकू नका. गणवेशात, शाळेच्या आवारात काढलेल्या रीलनं मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि मोबाइल शाळेत कसा आला याची चौकशी सुरू होते.

एक गोष्ट मला मोकळेपणानं सांगायला हवी, कारण असे लेख ती टाळतात. प्रत्येकाला वेगळेपण सारखंच परवडत नाही. काही मुलींच्या घरी शाळा बंद करायला निमित्तच हवं असतं. अशा घरात 'पालकांनी भेटावे' हा साधा शेरासुद्धा लग्नाच्या बोलण्यापर्यंत जाऊ शकतो. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर दोन वेण्या घाला, रिबीन बांधा, आणि सगळा हट्ट दहावीच्या निकालासाठी राखून ठेवा. यात कमीपणा काही नाही. आणि तुम्ही तशा घरातल्या नसाल, तुमचे वडील शाळेत येऊन तुमची बाजू घेतील अशी खात्री असेल, तर अर्जावर पहिली सही तुमची असू द्या, त्या मुलींची नको.

शिक्षकांना माझी विनंती एकच. मुलांचा अर्ज आला तर उत्तर लेखी द्या. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा आणि खाली कारणही लिहा. ते लिहायला बसलं की कुठला नियम कशासाठी आहे, हे आपल्यालाही तपासता येतं.

आणि तुम्ही, मुलांनो, उद्या कार्यालयात जाऊन शाळा व्यवस्थापन समितीची किंवा पालक-शिक्षक संघाची पुढची सभा कधी आहे ते विचारून या. अर्ज त्या तारखेच्या आठवडाभर आधी पोचला पाहिजे.